यात्रेचा बाजार बायपासला नेणाऱ्या साहेबांना, एका कासारणीचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब आणि नगरपरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव या पत्रात मी मुद्दाम घातलेलं नाही. आपल्या गावातल्या माणसाला चार ओळींत कळेलच. बाहेरच्या कुणाला वाचताना स्वतःचं गाव आठवलं, तर आठवू दे. खान्देशात रथ ओढणारी गावं पुष्कळ आहेत आणि महोत्सवाचे ठेकेदार त्याहून पुष्कळ.

वसुबारसेच्या दिवशी गाईला नैवेद्य दाखवून घरी येत होते, तेव्हा रथ गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर तुमची नोटीस दिसली. डिंक अजून ओला होता. रथाच्या दिवशी या मार्गावर दुकान, हातगाडी, पथारी काहीही लावायला मनाई. ज्यांना माल विकायचा आहे त्यांनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बायपासच्या मैदानावर होणाऱ्या महोत्सवात नाव नोंदवावं. खाली फोन नंबर होता तो ठेकेदाराचा. नगरपरिषदेचा कुठलाच नंबर नव्हता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चार लोकांना वाचता यावं म्हणून उघड्यावर लिहिते आहे.

मी कासारीण. लग्न होऊन या गावात आले त्याला पस्तीस वर्षं झाली. आठवडे बाजाराला मी दोन गावं करते, बाकीचे दिवस घरूनच बांगड्या भरते, आणि कार्तिकातल्या पौर्णिमेला, रथाच्या दिवशी, सराफांच्या वाड्याच्या दगडी ओट्यावर बसते. त्या ओट्यावर माझ्याआधी माझ्या सासूबाई बसत, त्यांच्याआधी आजेसासूबाई. ओटा आमचा नाही. वाड्याच्या मालकांनी कधी भाडं घेतलं नाही. त्यांच्या घरातल्या लेकीसुनांना भरलेल्या बांगड्यांचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत. असा हा करार. त्याचा कागद कुठं नाही, पण तीन पिढ्यांत मोडलेला नाही.

तुम्ही बदलून आलात, साहेब, त्याला दीड वर्ष होईल. त्यामुळे हा बाजार नेमका याच दिवशी, याच गल्लीत का भरतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते.

जळगावचा रथ एकादशीला निघतो, १८७२ पासून. आपला पौर्णिमेला. एकादशीला देव उठतात, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात आणि ती लागली की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. म्हणजे ज्यांच्या घरी माघ-फाल्गुनात कार्य आहे, त्यांची पहिली खरेदी या पौर्णिमेला. बस्ता नंतर बांधतात, सोनं नंतर होतं, पण हिरव्या चुड्याचं माप आणि रंग रथाच्या बाजारात ठरतो. त्यात कपाशीची पहिली-दुसरी वेचणी झालेली असते, ज्वारी-बाजरी घरात आलेली असते. दिवाळीत उधारीवर निभावलेलं असतं. हातात रोकड येते ती या पंधरवड्यात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून बायका येतात त्या याच दिवशी, कारण गावातल्या नातेवाइकाकडे मुक्काम, रथाचं दर्शन, तापीत त्रिपुर वात सोडणं आणि खरेदी हे सगळं एका फेरीत होतं. तिथी, पीक, लग्न आणि एसटी, या चार गोष्टी जिथं एकत्र येतात तिथं हा बाजार भरतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यातलं काहीच एकत्र येत नाही. त्या सुमाराला असते ती सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, घोड्यांच्या बाजाराची. पाळणेवाले, खेळणीवाले, गोडीशेववाले हे सगळे फिरते दुकानदार तेव्हा तिकडे तंबू ठोकून बसलेले असतात. तुमच्या मैदानावर मग कोण आलं होतं गेल्या वर्षी? प्लास्टिकचे डबे, मसाज करायच्या खुर्च्या आणि दोन मोटारसायकलींचे शोरूमवाले.

हो, गेल्या वर्षीही रथाचा बाजार गल्लीतून मैदानावर नेला होता. "प्रायोगिक तत्त्वावर" असा शब्द होता तेव्हा. मी त्या प्रयोगात भाग घेतला. निमूट नोंदणी केली, कारण सरकारी कागदाला नाही म्हणायची आम्हाला सवय नाही. पाच दिवसांच्या स्टॉलचे सहा हजार रुपये भरले. आत यायला माणशी तीस रुपये तिकीट. चार बायका आणि त्यांची मुलं अशा घरानं आत यायचं म्हटलं की दोनशे-अडीचशे रुपये दारातच गेले. एवढ्यात दोघी-तिघींच्या बांगड्या भरून झाल्या असत्या. बायपासवरून वाळूचे डंपर जायचे. काचेवर धूळ इतकी की हिरवा आणि काळा रंग सारखाच दिसे. मी दर तासाला फडकं मारत होते, शेजारचा मोटारसायकलवाला पोरगा पाण्याची फवारणी करत होता. आमचं दोघांचं छान जमलं, एवढंच काय ते पदरात पडलं. रथाच्या एका दिवसात आणि एका रात्रीत माझा गल्ला अठरा-वीस हजारांचा होतो. मैदानावर पाच दिवसांत सात हजार चारशे. त्यातून सहा हजार जागेचे गेले. टेम्पोचं भाडं आणि रस्त्याच्या खड्ड्यांत वाढलेल्या तीन पेट्या यांचा हिशोब मी केलेला नाही. आमच्यात काच फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, म्हणून शब्द तसाच ठेवला आहे. तुमच्या अहवालात "महोत्सवात स्थानिक बाजारपेठ वाढली" असं लिहिलं होतं, ते वाचून मला वाटलं तुम्हीही कासाराचीच भाषा वापरलीत.

संक्रांतीच्या आधी एका आठवडे बाजारात माझी एक जुनी गिऱ्हाईक भेटली. दरवर्षी सुना-नाती घेऊन येणारी. मला बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "माय वं, रथले तू दिखनी नही, आम्हले वाटनं तू मरी गयी!" ओटा रिकामा बघून तिनं तीच समजूत करून घेतली होती. नोटीस वाचून नाही. तिला वाचताच येत नाही. ती ओटा वाचते.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार नोटिशीची. वसुबारस ते त्रिपुरी पौर्णिमा, बोटं मोजा, अठरा-एकोणीस दिवस होतात. माझी धाकटी लेक धुळ्याला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला आली तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी मोबाइल ठेवून तिनं मला २०१४ चा पथविक्रेता अधिनियम वाचून दाखवला. रस्त्यावर विकणाऱ्यांच्या पोटापाण्याचं संरक्षण करायला संसदेनं केलेला हा कायदा. त्यात म्हटलं आहे की विक्रेत्याला हलवायचं किंवा उठवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. विक्रेत्याला, साहेब. खांबाला नाही.

दुसरी, समितीची. त्याच कायद्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी विक्रेत्यांतून निवडून दिलेले हवेत, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. कुठं काय विकायचं, कुणाला कुठं हलवायचं, हे या समितीला विचारून ठरवायचं असतं. आपल्या गावात ही समिती आहे का, हे विचारायला मी आणि शेजारचे मणियारभाई तुमच्या कार्यालयात गेलो. एका टेबलवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. तिसऱ्या टेबलवरच्या ताईंनी चहा पाजला आणि खरं सांगितलं की फाइल आहे, समिती नाही. त्यांचं नाव मी कुणाला सांगणार नाही.

मी काही रस्त्यात उगवलेली बाई नाही, हेही इथं सांगते. तुमच्याच कार्यालयानं फोटो काढून मला पथविक्रेत्याचं ओळखपत्र दिलं आहे. २०२० साली केंद्र सरकारनं आमच्यासारख्यांना दहा हजारांचं कर्ज देणारी स्वनिधी योजना काढली. त्यात मी पुढच्याच वर्षी कर्ज घेतलं आणि एकही हप्ता न चुकवता फेडलं. कर्ज देताना मी विक्रेती होते. बसायची वेळ आली की अतिक्रमण झाले.

तिसरी तक्रार ही खरी तक्रार. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, विक्रेत्यांना हलवण्याबद्दलच्या कलमांत, असं म्हटलं आहे की जिथं विक्रेते पन्नासहून जास्त वर्षं धंदा करत आले आहेत असा मुळचा बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. लेकीनं हे वाचलं तेव्हा मी करंजी हातात तशीच धरून बसले. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. सासूबाईंना कागद टाकायची सवय नव्हती. लग्नपत्रिका, विजेची बिलं, आणि एका पिवळ्या फडक्यात बांधलेल्या रथाच्या बाजाराच्या वसुलीच्या पावत्या. नगरपालिकेच्या. शिक्क्याच्या. सगळ्यात जुनी १९६९ सालची आहे, पन्नास पैशांची. अधली दोन-तीन वर्षं उंदरांनी खाल्ली आहेत, बाकी सलग आहेत. म्हणजे पन्नास वर्षांचा पुरावा मी देत नाही आहे, तुमचंच कार्यालय देतं आहे, दरवर्षी, पैसे घेऊन.

वर्षातून एक दिवस आणि एक रात्र भरणारा बाजार या कलमात बसतो की नाही, यावर तुमचा वकील वाद घालेल. घालू दे. माझी लेकही म्हणाली की घालता येईल. पण तो वाद समितीसमोर होऊ द्या, आमचं म्हणणं लिहून घेऊन होऊ द्या.

तुमच्या बाजूनं जे खरं आहे तेही मी बोलते. गल्ली अरुंद आहे. रथ वळताना माणसं भिंतीला चिकटतात. काही वर्षांपूर्वी भज्यांच्या एका गाडीवरचा गॅस भडकला होता, तेव्हा पाण्याची पहिली बादली मीच आणली होती आणि माझे हात अर्धा तास थरथरत होते. अग्निशमनाची गाडी आत येऊ शकली नसती. ही भीती तुम्हाला वाटते हे चांगलंच आहे. पण रथापुढे मोगरी लावणारी माणसं बघितली आहेत ना तुम्ही? एवढा मोठा रथ, उतारावर, हजार माणसं ओढतायत, आणि चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडाची मोगरी सारून त्याला थांबवणारी, वळवणारी दहा-बारा माणसं. ती कुठल्या एजन्सीकडून येत नाहीत. बापानं मुलाला शिकवलेलं असतं. रथ धोक्याचा आहे म्हणून तो कुणी बायपासला नेला नाही. मोगरी नीट लावली. बाजारालाही मोगरी लावता येते. ती कशी, ते पुढे मागण्यांत लिहिते.

चौथी तक्रार खाण्याची आहे आणि ती ऐकून तुम्ही हसाल. मैदानावर "खान्देशी खाद्यजत्रा" असा फलक होता. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांनी भरीत-पुरीचा स्टॉल घेतला. ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, उघडा जाळ चालणार नाही, गॅसच. आता जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते काही गॅसवर भाजण्यासाठी नाही. हिरवट, मोठं, कमी बियांचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, काळं साल काढायचं, लाकडी बडगीत ठेचायचं, वरून मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची धार. काडीचा धूर गेला की उरतं ते वांग्याचं लगदं. बायकांनी दोन दिवस गॅसवर केलं, तिसऱ्या दिवशी लाजेनं स्टॉल बंद केला. त्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. समोरच्या स्टॉलवर मोमो होते आणि ते मात्र चांगले खपले. त्या पोराचा काही दोष नाही.

यातही तिथीचा हिशोब आहे. आमच्याकडे पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं-कांदा वर्ज्य असतो. देव उठले की वांगं सुटतं, कुणाकडे त्यापुढे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुटतं. चार महिने वाट पाहिलेल्या जिभेला रथाच्या रात्री रस्त्याकडेला मिळणारी ती पहिली द्रोणभर चव कुठल्या डिसेंबरात कोण विकत घेणार?

पाचवी तक्रार कलाकारांची. इथं मला जरा जास्त वेळ लागेल, कारण हा राग माझा एकटीचा नाही.

रथाच्या आदल्या रात्री आणि रथ परतल्यावर पहाटेपर्यंत गल्लीत वहीगायनाचे, म्हणजे आमच्या खान्देशी लोकगाण्याचे, फड रंगतात. कधी नवापूर-साक्रीकडचे पावरीवाले येतात. भोपळ्याची आणि शिंगाची ती पावरी आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मार्गशीर्षात वाजते, त्याआधी हात मोकळा करायला म्हणून ते एक रात्र इकडे काढतात. त्यांना कुणी बोलावत नाही आणि हाकलतही नाही. मुरमुऱ्यांच्या भत्त्याचा पुडा, चहा, लोकांनी ओवाळलेले पैसे. मैदानावरच्या महोत्सवात पाचही रात्री बाहेरून आणलेले कार्यक्रम होते. शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता, उन्हात, आपल्या गावच्या वहीगायन मंडळाला "स्थानिक कलाकार" म्हणून वीस मिनिटं दिली. आठ मिनिटांनी माइक बंद झाला, कारण संध्याकाळच्या पाहुण्यांची आवाजचाचणी होती. म्हातारे बुवा माइक नसतानाही म्हणत राहिले. रिकाम्या खुर्च्यांपुढे. मी माझा स्टॉल तसाच टाकून पुढं जाऊन बसले. मोटारसायकलवाला पोरगाही आला.

मानधन? त्यांना प्रमाणपत्र मिळालं. त्यावर बुवांचं आडनाव चुकलेलं होतं.

आणि खुला रंगमंच. वाचनालयामागचा. माझे सासरे तरुणपणी तिथं स्त्री-भूमिका करत. सासूबाईंच्या बांगड्या त्यांच्या मनगटाला होत नसत म्हणून त्यांच्यासाठी दोन-आठच्या मापाचा वेगळा तोडा ठेवलेला असे. (माप म्हणजे इंच आणि इंचाचा सोळावा भाग. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश. मला मनगट धरायची गरज पडत नाही, बाई ओट्याची पायरी चढत असतानाच आकडा कळतो.) तर त्या रंगमंचावर गेली चार वर्षं घंटागाड्या उभ्या असतात. गावातली पोरं हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी जळगावच्या केंद्रावर जातात, नोव्हेंबर-डिसेंबरात, तालमी करतात एका मंगल कार्यालयाच्या जिन्यावर, लग्न नसेल त्या दिवशी. गेल्या ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, त्यांनी नटराजाची पूजा रंगमंचावरच केली. दोन घंटागाड्यांच्या मधे. नारळ फोडताना एकानं चुकून गाडीचं बटण दाबलं आणि आरतीच्या मधेच "गाडीवाला आया घर से कचरा निकाल" सुरू झालं. पोरं हसली. मला हसू आलं नाही असं नाही, पण घरी येऊन सासऱ्यांच्या फोटोकडे बघवेना.

आता मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती तुमच्या कामाची आहे.

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले. गांधीजींचा आग्रह होता की खेड्याचं अधिवेशन खेड्यातल्या वस्तूंनी आणि खेड्यातल्या हातांनीच उभं राहावं. सजावटीला शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले. एवढा मोठा चित्रकार, पण त्यांनी सोबत काय आणलं? बांबू, चटया, गवत, मडकी, टोपल्या, जे इथं होतं तेच घेतलं आणि इथल्याच कारागिरांकडून काम करवून घेतलं. बैलांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली. ग्रामोद्योगांचं प्रदर्शन भरलं. आमच्या आजेसासूबाई तेव्हा विशीतल्या. त्या डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन चालत गेल्या होत्या, असं सासूबाई सांगत. धंदा काही झाला नाही म्हणे, कारण खादी नेसलेल्या बायका हातात काच घालत नव्हत्या. पण टोपल्या विणणाऱ्यांना, कुंभारांना, सुतारांना महिनाभर काम होतं, आणि "आपल्याला कुणी उठ म्हटलं नाही" हे आजेसासूबाई मरेपर्यंत सांगत.

आपल्या गावापासून फैजपूर काही परदेशात नाही. बाहेरचा मोठा माणूस आणायला माझी हरकत नाही. तो आला की आमच्या टोपलीत काय आहे ते त्यानं बघावं, एवढंच म्हणणं आहे. तुमच्या महोत्सवाच्या कमानीवर थर्माकोलचे बैल होते. गावात तीन सुतार आहेत जे पोळ्याला लाकडी बैल करतात.

आमच्या मागण्या अशा आहेत. "आमच्या" म्हणते, कारण या पत्राखाली मी एकटी सही करत असले तरी मणियारभाई, बुरुड गल्लीतली सूप-टोपल्यांची चार घरं, रेवडी-गोडीशेववाले, पाट्याला टाकी देणारे दोघे आणि भरिताच्या बायका यांनी हे वाचून घेतलं आहे. टाकीवाल्यांना आम्ही वाचून दाखवलं.

या वर्षीची नोटीस मागे घ्या. रथाचा बाजार पौर्णिमेला, रथ गल्लीतच भरू द्या.

गर्दीसाठी: दुकानं रस्त्याच्या एकाच बाजूला लावू, दुसरी बाजू आणि मधला दहा फूट रस्ता चुन्याची रेघ मारून मोकळा ठेवू. रेघ ओलांडणाऱ्याला आम्हीच उठवू, तुमच्या माणसाला यायची गरज पडणार नाही. रथ निघायच्या आधी एक तास आणि वळणापाशी पूर्ण वेळ कुणी बसणार नाही. गॅस आणि तेलाच्या कढया असलेल्या सगळ्या गाड्या शाळेच्या पटांगणावर हलवा. ते गल्लीला लागूनच आहे आणि तिथं अग्निशमनाची गाडी उभी राहू शकते. भरिताच्या जाळालाही तिथंच एक कोपरा, पाण्याच्या पिंपासह. दुचाक्या दोन दिवस गल्लीबाहेर. यातलं बरंचसं पोलीस पाटलांनी मागेच सुचवलं होतं.

पथविक्रेता समिती नेमा. निवडणूक घ्या, बायकांच्या जागा भरा, आणि तिच्यापुढे वारसा बाजाराचा विषय पहिल्याच बैठकीत घ्या. पावत्यांच्या झेरॉक्स मी देते. मूळ पावत्या देणार नाही. उंदरांपेक्षा फाइलची भीती जास्त वाटते.

रंगमंचावरून घंटागाड्या काढा. त्यांना जागा हवी आहे हे कळतं, महोत्सवाचं ते मैदान वर्षातले तीनशे साठ दिवस रिकामंच असतं. रंगमंच झाडून, दोन दिवे लावून द्या. बाकीचं पोरं करतील.

डिसेंबरचा महोत्सव तुम्हाला करायचाच असेल तर खुशाल करा. मोटारसायकली विका, मोमो विका. फक्त त्यात गावच्या मंडळांना संध्याकाळची वेळ द्या, मानधन द्या, आडनाव विचारून लिहा. आणि भरितवाल्या बायकांचे गेल्या वर्षीचे पैसे परत करा.

एक मागणी राहिली. मैदानावर बायकांसाठी चार स्वच्छतागृहं होती. त्या सगळ्या प्रयोगात तेवढीच गोष्ट मला मनापासून आवडली. आमच्या रथ गल्लीत पस्तीस वर्षांत एकही नाही. बाजाराच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही, सासूबाईही पीत नसत. ती चार तेवढी इकडे आणून लावा.

रथ पौर्णिमेला दुपारी निघेल. मी पहाटे पाचला ओट्यावर बांगड्या मांडायला घेईन, कारण पाड्यांवरच्या बायका पहिल्या एसटीनं येतात आणि त्यांना ओटा रिकामा दिसता कामा नये. सकाळी नऊच्या सुमाराला वसुलीचा माणूस नेहमीप्रमाणे पाठवा. सुटे पैसे काढून ठेवते. पावती मात्र शिक्क्याची हवी.

आपली,
सराफांच्या ओट्यावरची कासारीण
भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी